गुर्ज कुणी निवडत नाही

आमच्या घराण्यात माणूस कमावता झाला की त्याला एक हत्यार निवडावं लागतं. नोकरी लागल्यावर जी पहिली खंडेनवमी येईल, त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं की मी अमुक घेतो. घेतलेलं हत्यार घरी न्यायचं नसतं. ते बेंगळुरूच्या बनशंकरी भागात, दोड्डप्पांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वरच्या फळीवरच राहतं. पण दर नवमीला ते खाली उतरवणं, गंज काढणं, तेलाचा हात देणं आणि हळदकुंकू लावणं हे काम जन्मभर आपलं. बदलून मिळत नाही.

दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही मराठी आहोत, पण बेंगळुरूत इतक्या पिढ्या झाल्या की घरातली निम्मी नाती कन्नड झाली. कोणी पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि परत जायचं राहून गेलं, असं दोड्डप्पा सांगतात. फौजेतलं आता काहीच शिल्लक नाही. घराण्यात एक दातांची डॉक्टर आहे, दोघे हिशेबनीस आहेत, आणि मी एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. शिल्लक आहेत ती ही पाच हत्यारं: तलवार, कट्यार, भाला, पट्टा आणि गुर्ज. पट्टा म्हणजे कोपरापर्यंतचा लोखंडी हातमोजा आणि त्याच्या पुढे लवलवणारं लांब पातं. गुर्ज म्हणजे लोखंडी गदा. पट्ट्यावर सगळ्यांचा डोळा असतो. गुर्ज कुणी निवडत नाही. तो फळीच्या कडेला असतो आणि त्याच्या मागे वायफायचं यंत्र ठेवलेलं आहे.

निवड झाली की गच्चीवर सामना. निवडणारा एका बाजूला, घरातलं एक वडीलधारं माणूस दुसऱ्या बाजूला. निवडलेल्या हत्याराचे लाकडी नमुने, जुन्या साड्या गुंडाळलेले, दोघांच्याही हातात. दोघांचं हत्यार एकच असतं. जो आधी तीन टोले लावेल तो जिंकला. जिंकल्याहरल्याने काही होत नाही, पण गच्चीभर नातेवाईक बसलेले असतात आणि प्रत्येक टोल्याची चर्चा पुढची दहा वर्षं चालते. वडीलधाऱ्याच्या जागी मी कळती झाल्यापासून माझे वडीलच उभे राहत आलेत. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो.

मुलींना हे काही नव्हतं. दोड्डप्पांची मुलगी, माझी अक्का, दातांची डॉक्टर झाली तेव्हा तिला सांगितलं, तुझी अवजारं पूजेत मांड, झालं. तिने मांडली. दाढा उपटायच्या पकडीवर कुंकू वाहिलेलं मी पाहिलं आहे. पण ती ते विसरली नाही. मला नोकरी लागली, तेव्हा घराण्यातले मुलगे संपले होते, म्हणजे अमेरिकेला गेले होते. अक्काने तिच्या वडिलांना विचारलं, "मग आता काय, फळी विकायची?" त्यावर काही महिने वाद चालला. मी त्या वादात कुठेच नव्हते. शेवटी दोड्डप्पांनी जाहीर केलं की या वर्षी ही निवडेल. 'ही' म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही, आणि मी नको म्हणाले असते तर अक्काने माझं तोंड पाहिलं नसतं.

खरं सांगायचं तर माझी निवड लहानपणापासून ठरलेली होती. भाला. मी फार बोलत नाही. शाळा इंग्रजी, गल्ली कन्नड, घरात मराठी, असं झाल्यामुळे मला तिन्ही भाषांत गप्प राहता येतं. माणसं हातभर लांब असली की मला बरं वाटतं, आणि भाला हातात असेल तर ती सहा हात लांब राहतात. एकास एक लढाईत भाला तलवारीला भारी पडतो हे अनेक जाणकारांनी लिहून ठेवलं आहे आणि मी ते सगळं वाचलं आहे. तलवारवाल्याला तुमच्यापर्यंत यावं लागतं. भालेवाला जागेवर उभा राहून म्हणू शकतो की पुढे येऊ नका. कट्यारीसाठी तर समोरच्याच्या श्वासाचा वास येईल इतकं जवळ जावं लागतं. हे मी कार्यालयातल्या पार्ट्यांमध्ये करते तेवढं पुरे आहे.

तर भाला. पण त्या वर्षी माझ्या लक्षात आलं होतं की अप्पांचा उजवा हात थरथरतो.

अप्पा एका सरकारी कारखान्यात मापं तपासायच्या विभागात होते. केसाच्या जाडीइतका फरक पकडून माल परत पाठवायचा हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर काही दिवसांनी ते चहा डाव्या हाताने घ्यायला लागले. मग कप अर्धाच भरायला लागले. मग गाडीची किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाले, "तुझी सवय राहिली पाहिजे." वर्तमानपत्र ते टेबलावर पसरून वाचायला लागले, कारण हातात धरलं की कागद फडफडायचा. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. आईला वाटायचं, निवृत्तीनंतर माणसं अशीच विचित्र होतात. मला दिसत होतं, कारण मी बोलत नसल्यामुळे मला इतरांकडे बघायला वेळ असतो. पण अप्पांनी जे झाकलं आहे ते उघडायचं माझ्याने होईना. मी त्यांचीच मुलगी आहे.

आणि झाकण्याला कारणही होतं. दोड्डप्पा प्रेमळ आहेत, पण त्यांचं प्रेम सार्वजनिक असतं. आईला थायरॉइड निघाला तेव्हा त्यांनी तिच्या रिपोर्टचा फोटो घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये तंजावरपासून बेळगावपर्यंतची माणसं आहेत. त्यांतल्या सत्तर टक्के लोकांना आई भेटलेलीही नाही. त्यांनी तिला धण्याचं पाणी, कोबी वर्ज्य आणि एका स्वामींचा पत्ता पाठवला. अजून कुणी लग्नात भेटलं की तिच्या गळ्याकडे बघतं. अप्पांच्या हाताचंही हेच झालं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातला फरक काढणाऱ्या माणसाच्या हाताकडे लोक वाकून बघणार, कीव करणार, उपाय सांगणार. ते अप्पांना सहन झालं नसतं. आणि मला ते बघवलं नसतं.

सामन्याला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. अप्पा नाही म्हणाले नाहीत. उलट म्हणाले, "घे गं तुला हवं ते. मी आहे समोर."

म्हणून मी प्रयोग सुरू केले.

एका रविवारी मी त्यांना म्हणाले, "अप्पा, ही छत्री जरा समोर धरता? काडी वाकलीय का बघते." त्यांनी हात लांब करून छत्री धरली. तिचं टोक हवेत बारीक गोल काढत राहिलं. म्हणजे तलवार गेली. मग जळमटं काढायचा लांब झाडू दिला. झाडूचं टोक छताखाली असं हललं की एक कोळी स्वतःहून निघून गेला. भाला गेला. मी त्या दिवशी जेवले नाही, आईला वाटलं पोट बिघडलं. लाटणं देऊन पाहिलं. लाटणं आखूड असल्यामुळे कंप कमी दिसत होता, पण दिसत होता. कट्यार गेली. पट्ट्याचं पातं तर कुणीही धरलं तरी लवलवतं. त्याचा विचारच केला नाही.

खलबत्त्याचा बत्ता मी सहज दिला होता. "अप्पा, हा जरा वरच्या फडताळात ठेवा ना." आमचा बत्ता दगडी आहे, आजीच्या आईचा, चांगलाच जड. अप्पांनी तो मुठीत धरला, हात वर केला, आणि हात स्थिर. खांबासारखा. मी त्यांना म्हटलं, "नको, खालच्याच फडताळात बरा आहे." त्यांनी खाली आणला. स्थिर. मग मला आठवलं की भाजीची भरलेली पिशवी उचलताना, पाण्याचा कॅन यंत्रावर उलटा करताना त्यांचा हात कधीच हलत नाही. मी शोधून वाचलं. जड वस्तू हातात असली की काही जणांचा कंप दबतो. अशा लोकांसाठी मुद्दाम जड केलेले चमचे मिळतात.

"काय चाललंय तुझं रविवारपासून?" अप्पांनी विचारलं.

"घर आवरतेय," मी म्हणाले.

फळीवरचं सगळ्यात जड हत्यार कोणतं, हे सांगायला नको.

निवड आधी कळवावी लागते, कारण नमुने शोधून त्यांना कापड गुंडाळायचं असतं. दोड्डप्पांनी व्हिडिओ कॉल लावला. त्यात अक्का होती, आणि अमेरिकेहून तिचा धाकटा भाऊही होता. त्याने त्याच्या वेळी पट्टा घेतला होता आणि आता वर्षातून एकदा स्क्रीनवरून "माझ्या पट्ट्याला नीट तेल लावा" असं सांगायचा. दिवसभर संगणकावरची युद्धं खेळत असल्यामुळे तो स्वतःला यातला जाणकार समजायचा.

"भाला घे," तो म्हणाला. "एकास एकमध्ये भाल्यापुढे काही टिकत नाही. अंतर तुझ्या हातात राहतं."

त्याचं बरोबर होतं. त्याचं बरोबर असल्याचा मला फार राग आला.

"गुर्ज," मी म्हणाले.

दोड्डप्पांनी विचारलं, "आवाज नीट येत नाही. काय?"

"गुर्ज."

"तो गुर्ज? वायफायपुढचा?"

"हो."

"अगं, तो उचलणार कोण? तू? तुझा हात बघितलायस का, फुलवातीएवढा."

कॉल संपल्यावर अक्काने मला स्वतंत्र फोन केला. "मी तुझ्यासाठी बापाशी भांडले," ती म्हणाली. "कित्येक महिने. पहिल्यांदा या घरातली मुलगी फळीवरचं काही उचलणार. आणि तू वरवंटा घेतलास?"

"मला आवडतो."

"काय आवडतं त्यात?"

मी विचार केला. "वजन," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"सरी," अक्का म्हणाली. म्हणजे बरं, ठीक आहे. पण ती 'सरी' अशी म्हणाली, जशी पेशंटला म्हणत असेल, दात काढावाच लागेल.

गुर्जाचे लाकडी नमुने नव्हतेच, कारण कधी लागलेच नव्हते. पण दोड्डप्पांच्या जिन्याखाली व्यायामाच्या मुद्गलांची एक जोडी होती. आजोबा तरुणपणी पेठेतल्या गरडीत, म्हणजे तालमीत, फिरवायचे ती. दोड्डप्पांनी दोन्ही मुद्गलांना जुनी गोधडी गुंडाळली आणि नियम बदलला: टोला मारायचा नाही, नुसता टेकवायचा, नाहीतर दवाखाना.

नवमीच्या आदल्या दिवशी आमच्या कार्यालयातही पूजा झाली. लॅपटॉपवर कुंकू, दारात झेंडू, सगळ्यांना चुरमुरे आणि पेढा. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, सुट्टीचा काय बेत? मी म्हणाले, घरगुती कार्यक्रम आहे. वडिलांबरोबर गदायुद्ध आहे असं सांगता येत नाही.

नवमीला सकाळी आम्ही येलहंकातल्या आमच्या घरून निघालो. गाडी मीच चालवली. बनशंकरीत प्रत्येक घरापुढे धुतलेल्या गाड्या हार घालून उभ्या होत्या आणि चाकांखाली लिंबं ठेवली होती. दोड्डप्पांकडे हत्यारांची पूजा झाली. मी गुर्ज दोन्ही हातांनी खाली घेतला. तो घेताना वायफाय गेलं आणि अमेरिकेचा कॉल तुटला. तेल लावलं. जवळून पाहिला तर त्याच्या पाकळ्यांवर बारीक नक्षी होती. ती मला आधी कधी दिसली नव्हती.

मग सगळे गच्चीवर. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंज्या घातल्या होत्या. मी पदर खोचतात तशी ओढणी बांधली. अप्पा समोर आले. त्यांनी मुद्गल उचलला, खांद्याच्या रेषेत धरला, आणि तो तिथेच राहिला, जरासुद्धा हलला नाही. मी मनात म्हटलं, जमलं.

तेवढ्यात दोड्डम्मा, म्हणजे दोड्डप्पांच्या पत्नी, कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आल्या.

सॉफ्टवेअर तपासताना नवख्या माणसाची ठरलेली चूक असते. तो आतली अवघड गोष्ट शंभर वेळा तपासतो आणि सुरुवातीचं दार उघडतं का ते बघत नाही. सामन्याआधी समोरचा वडीलधारा निवडणाऱ्याच्या कपाळाला टिळा लावतो. हे मी प्रत्येक भावाच्या वेळी पाहिलं होतं. अप्पांनीच लावला होता. मी छत्री, झाडू, लाटणं, बत्ता, सगळं तपासलं होतं. एक चिमूट कुंकू तपासलं नव्हतं. आणि कुंकवाला वजन नसतं.

अप्पांनी मुद्गल खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अनामिकेला कुंकू घेतलं आणि हात उचलला. बोट माझ्या डोळ्यांसमोर आलं तेव्हा ते इतकं थरथरत होतं की त्याच्या कडा दिसत नव्हत्या. मी कपाळ पुढे नेलं, मध्येच गाठावं म्हणून. बोट भुवईला लागलं, घसरलं, आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल रेघ आली.

गच्ची हसली.

"अरे, टिळा लावतोयस की रस्ता आखतोयस?" दोड्डप्पा ओरडले. मग त्यांचं हसू जरा कमी झालं. ते सतरंजीवरून अर्धे उठले, वाकून बघायला लागले. "थांब थांब. तुझा हात काय रे असा..."

"मी हलले," मी म्हणाले.

मला वाटलं मी नेहमीच्या आवाजात बोलले, पण टाकीवरची कबुतरं उडाली. त्या गच्चीवरच्या बऱ्याच लोकांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आणखी काहीतरी म्हणणं भाग होतं.

"मला शिंक येत होती," मी म्हणाले.

"अय्यो!" दोड्डम्मांनी करंडा छातीशी धरला. "सामन्याच्या तोंडावर शिंक? आली की नाही आली?"

"अर्धी आली."

यावर एकदम वाद पेटला. अर्धी शिंक धरायची की नाही. एक आत्या म्हणाली, अर्धी तर जास्त वाईट. कुणी म्हणालं, नाकाला कुंकू लागल्यामुळे आली असेल, तर ती शिंक देवाचीच. दोड्डप्पांचं मत होतं की पाच मिनिटं बसावं, पाणी प्यावं, पुन्हा सुरू करावं. अप्पांच्या हाताबद्दल कुणी बोलेना. मला पाणी दिलं. माझं नाक पुसलं.

"आता परत लाव टिळा," दोड्डप्पा म्हणाले.

अप्पा म्हणाले, "वहिनी, तुम्हीच लावा. हिच्या शिंका तुम्हालाच ऐकतील."

दोड्डम्मांनी लावला. त्यांच्या खांद्यावरून अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांना कळलं की मला माहीत आहे. मला कळलं की त्यांना कळलं. आणि मग आम्ही मुद्गल उचलले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तो आमच्या घराण्यातला सगळ्यात संथ सामना असावा. मुद्गल फिरवायचा म्हणजे आधी तो फिरायला तयार व्हावा लागतो, आणि एकदा निघाला की तो कुठे थांबणार हे त्याचं तो ठरवतो. मी एकदा फिरवला तर त्याच्याबरोबर मीही फिरले आणि पाठ करून उभी राहिले. अप्पांनी शांतपणे पाठीला टेकवला.

"एक!" अक्का ओरडली. "अगं, तोंड इकडे कर की!"

"दोन लिफ्ट चालल्यात," दोड्डप्पा म्हणाले. "एक वर, एक खाली."

पण अप्पांचा हात हलत नव्हता. मुद्गल त्यांच्या मुठीत निवांत होता. त्यांनी तो मनगटातून वळवला, थांबवला, पुन्हा वळवला, आणि मला वाटतं त्यांना मजा येत होती. बऱ्याच दिवसांनी त्यांचा उजवा हात ते सांगतील तेच करत होता. एक टोला मी लावला. तो त्यांनी लावू दिला का, हे विचारायची सोय नाही. मग त्यांनी उरलेले दोन लावले आणि सामना संपला.

दोड्डम्मांनी स्टीलच्या पेल्यांतून ताक आणलं. मी पेला धरला आणि ताक माझ्या पायावर सांडलं. माझा हात खांद्यापासून बोटांपर्यंत थरथरत होता. अप्पांचाही थरथरत होता. आम्ही शेजारी शेजारी बसून दोघेही ताक सांडत होतो.

"बाप-लेकीचे हात बघा," आत्या म्हणाली, आणि सगळे पुन्हा हसले. या वेळी कुणी वाकून बघितलं नाही. हे मी ठरवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा स्वयंपाक होता, म्हणून आई तिथेच राहिली. परत येताना गाडीत अप्पा आणि मी. मेखरी सर्कलपर्यंत कुणी बोललं नाही. आमच्यात हे नेहमीचं आहे.

मग अप्पा म्हणाले, "शिंक आली नव्हती."

"नाही."

"छत्री. झाडू. लाटणं. बत्ता." ते खिडकीबाहेर बघत होते. "मला वाटलं तू लग्नाचं मनावर घेतलंयस. स्वयंपाकघरात लक्ष घालतेयस."

"नाही."

"ते बरं झालं." थोडं अंतर गेलं. "तुला गुर्ज नको होता."

मी गिअर बदलला.

"काय हवं होतं?"

"भाला."

हेब्बाळच्या पुलाखाली नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. अप्पा म्हणाले, डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते. जिवाला धोका नाही. हात काम करायला गेला की थरथरतो, पडून असला की नाही, तो तसलाच प्रकार आहे. गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी झोप येते म्हणून त्या बंद केल्या. हे सगळं त्यांनी माप सांगावं तसं सांगितलं. मग त्यांनी फोन काढला, मांडीवर ठेवला आणि दोड्डप्पांना लावला. स्पीकरवर, कारण कानाशी धरला तर तो कानावर आपटतो.

"अण्णा," ते म्हणाले. ते दोड्डप्पांना अण्णा म्हणतात. "हिला हत्यार बदलून दे."

"काय? आत्ताच तर गेलात. बदलून मिळत नाही, तुला माहितीय."

"तिला भाला हवा होता."

"मग भाला म्हणायचं होतं! मी चारदा विचारलं. नारळ फुटला, तेल लागलं. आता ब्रह्मदेव आला तरी नाही."

"तिने माझ्यासाठी घेतला. माझा हात थरथरतो, अण्णा. जड काही धरलं की थांबतो. तिने ते बघून ठेवलं आणि गुर्ज घेतला."

मी पुढच्या बसचा नंबर वाचत राहिले. पलीकडून दोड्डप्पांच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"आज मुद्गल उचललास म्हणून असेल," दोड्डप्पा म्हणाले.

"नाही. त्याच्या आधीपासून. वर्ष होऊन गेलं."

"म्हणजे टिळा..."

"माझ्या हाताने घसरला. ती हलली नव्हती."

"दिसलं मला," दोड्डप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली होता. "डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, घराण्यात असतं. आपल्यात कुणाला होतं का, विचारलं त्याने. मी नाही म्हणून सांगितलं."

अप्पांनी वाकून फोन चालू आहे का ते पाहिलं.

"बाबा कसे उभे राहायचे आठवतं?" दोड्डप्पा म्हणाले. बाबा म्हणजे माझे आजोबा. "गच्चीवर. दारात. लग्नात."

"हात मागे बांधून."

"कायम."

"ती त्यांची ऐट होती, अण्णा."

"आपण तसंच म्हणायचो," दोड्डप्पा म्हणाले. मग खाकरले. "डॉक्टरचं नाव आणि नंबर पाठव."

"कशाला? माझं झालंय दाखवून."

"पाठव म्हटलं की पाठव. मला पाठव. ग्रुपवर नको." आणि त्यांनी फोन ठेवला.

अप्पा काही वेळ अंधारलेल्या फोनकडे बघत बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"भाला काही मिळाला नाही," ते म्हणाले.

"असू दे. गुर्जावर नक्षी आहे. आज दिसली."

"आहे खरी." त्यांनी फोन पुन्हा उजळला आणि एका बोटाने डॉक्टरचं नाव टाइप करायला लागले. गाडी खड्ड्यातून गेली की बोट दुसऱ्याच अक्षरावर पडायचं आणि ते खोडून पुन्हा सुरू करायचे. मी 'द्या इकडे' म्हणाले नाही. पूल ओलांडल्यावर डावीकडे एका बंद दुकानापुढे जागा होती. तिथे मी गाडी घेतली, इंजिन बंद केलं, आणि त्यांचं होईपर्यंत थांबले.